तीस पायऱ्यांचा कालवा

कालवा म्हटले की मराठी वाचकापुढे शेताला जाणारे पाटाचे पाणी येते. इंग्लंडमधील जुने कालवे मात्र पाणी नेण्यासाठी नव्हे, तर पाण्यावरून कोळसा, मीठ आणि चिनी माती नेण्यासाठी खणलेले असल्यामुळे त्यांतील पाणी शक्यतो वाहूच नये, अशी त्यांची रचना आहे. सपाटीवर हे सहज साधते. चढ आला की लॉक म्हणजे जलपाश बांधावा लागतो. दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या या बांधीव हौदात नाव घेऊन पाणी भरले की ती वरच्या पातळीला येते आणि पाणी सोडले की खालच्या पातळीला उतरते.

जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने १७६६ मध्ये मंजूर झालेल्या ट्रेंट आणि मर्सी कालव्यावर हे हौद जेमतेम सात फूट रुंद आणि सुमारे बहात्तर फूट लांब ठेवले, आणि मध्य इंग्लंडच्या नावा त्या मापाच्या कायमच्या बांधील झाल्या. आजची नॅरोबोट, म्हणजे अरुंद नाव, सहा फूट दहा इंच रुंद असते, ती याच कारणाने. वूस्टर ते बर्मिंगहॅम कालव्याला १७९१ च्या कायद्याने परवानगी मिळाली तेव्हा तो रुंद नावांसाठी योजलेला होता आणि त्याचे बोगदे तसेच खोदलेही गेले. पुढे पैसा अपुरा पडू लागल्यावर जलपाश मात्र अरुंद बांधून १८१५ मध्ये काम उरकण्यात आले. ही काटकसर व्यापाराला महागात पडली, कारण एका नावेत पंचवीस-तीस टनांपलीकडे माल मावत नसे आणि रेल्वेपुढे तो हिशेब टिकणारा नव्हता. पण जो कोतेपणा व्यापाराला मारक ठरला, त्यानेच ही नाव हौशी माणसाच्या आवाक्यात आणली, असेही म्हणावे लागते.

या कालव्यावर सुमारे तीस मैलांत अठ्ठावन्न जलपाश आहेत आणि त्यांपैकी तीस टार्डेबिगच्या चढावर सलग येतात. सव्वादोन मैलांत दोनशेवीस फूट चढणारी ही ब्रिटनमधील सर्वांत लांब जलपाशमाला आहे. पायी पाऊण तासात संपणाऱ्या या वाटेला नावेने साडेतीन-चार तास सहज लागतात, म्हणून इथला दिवस मैलांत नव्हे, जलपाशांत मोजला जातो. सुकाणूच्या दांड्यापाशी, म्हणजे टिलरपाशी, एक जण उभा असतो. दांडा डावीकडे लोटला की नाव उजवीकडे वळते, आणि ती मध्यावर फिरत असल्याने मागचे टोक उलट बाजूला झुकते, हे नवख्याला पहिल्याच वळणावर कळते. दुसरा जण काठाने पायी किंवा सायकलवर पुढे जाऊन पुढचा हौद रिकामा करून ठेवतो. वरून कोणी उतरत असेल, तर भरलेला हौद तसाच त्याच्यासाठी सोडणे हा शिष्टाचार आहे, कारण प्रत्येक वेळी सुमारे एक लाख लिटर पाणी खाली जाते.

नाव आत शिरल्यावर खालचे जोडदरवाजे त्यांच्या लांब आडव्या वाशांना पाठ लावून रेटायचे, मग काटकोनात वळलेली विंडलास ही लोखंडी किल्ली दातेरी यंत्रावर चढवून पॅडल, म्हणजे पाण्याची झडप, उचलायची. प्रत्येक दातावर खिटी टकटक वाजते, तळातून पाणी उसळते आणि नाव पुढच्या दरवाजाकडे ओढली जाते, म्हणून सुकाणूवाल्याने तिला इंजिनाने आवरून धरायचे असते. खिटी निसटली तर किल्ली गरगर फिरून हात मोडू शकते. म्हणून झडप उचलून झाली की किल्ली यंत्रावर ठेवू नये, हा नियम फार कडक पाळला जातो.

ऑक्टोबर हा या कामाचा कसोटीचा महिना आहे. आपल्याकडे पानगळ शिशिराची. इंग्लंडमध्ये ती शरदातच सुरू होते आणि ओक, बीच, हॉथॉर्न यांची पाने पाण्यावर गालिच्यासारखी पसरतात. ती नावेच्या पाण्याखालच्या पंख्याभोवती गोळा झाली की इंजिन धापा टाकू लागते. तेव्हा गिअर क्षणभर उलटा टाकला की बहुतेक पाने झडून जातात. दरवाजामागे साचलेल्या पानांच्या लगद्यामुळे तो पूर्ण उघडत नाही आणि नाव अडकते, तर जलपाशाच्या विटांचे काठ कुजक्या पानांनी निसरडे झालेले असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेल्यावर पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून तीस जलपाश उजेडात संपवायचे असतील तर दुपारपूर्वीच निघावे लागते.

माथ्यावरचा जलपाश इतरांपेक्षा बराच खोल आहे, कारण पाणी वाचवण्यासाठी जॉन वुडहाउस याने तिथे १८०८ मध्ये बसवलेल्या नाव उचलण्याच्या यंत्राची जागा या जलपाशाने घेतली. याच परिसरात १९४१ ते १९४६ या काळात एल. टी. सी. रोल्ट हा लेखक ‘क्रेसी’ नावेवर राहत होता. १९४५ मध्ये रॉबर्ट एकमन त्याला तिथे भेटायला आला आणि पुढच्याच वर्षी त्या दोघांच्या पुढाकाराने कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था उभी राहिली. आज इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात दुरुस्तीसाठी ठिकठिकाणचे जलपाश रिकामे करून वाट बंद ठेवली जाते. तेव्हा पानगळीचा हा चढ पाहू इच्छिणाऱ्याने ट्रस्टची बंदची यादी आधी वाचावी आणि शक्यतो घड्याळे मागे जाण्यापूर्वीच निघावे.