मोटारगाडीच्या बदली दरवाजातील विद्युत जोडण्या : टिकाऊ कनेक्टरची निवड

अपघातग्रस्त मोटारगाडीला जुन्या बाजारातील दरवाजा बसविल्यास दोन्ही बाजूंचे कनेक्टर अनेकदा जुळत नाहीत. मग तारा एकमेकींभोवती पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली जाते. असा जोड फार काळ टिकत नाही.

याचे कारण दरवाजाच्या रचनेतच आहे. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी आत शिरतेच. ते तळाच्या छिद्रांतून निघून जावे, अशीच योजना असते. शिवाय बिजागरीजवळच्या रबरी नळीतील तारा दरवाजा उघडताना दर वेळी वाकतात. सोल्डरचा जोड वरकरणी भक्कम वाटतो. परंतु वितळलेला मिश्रधातू तारेच्या पेडांत चढून तेवढा भाग ताठ करतो आणि नेमकी त्याच्या कडेला तार तुटते. म्हणून योग्य हत्याराने दाबून बसविलेली टोके व सिलिकॉनचे सील असलेले कनेक्टर अधिक श्रेयस्कर होत. तेही वाकणाऱ्या भागाबाहेर, पाण्याच्या वाटेपासून वर असावेत.

पिनांचा मुलामाही पाहावा लागतो. कथिलाची पिन सोन्याचा मुलामा असलेल्या खोबणीत बसविल्यास सूक्ष्म घर्षणाने व गंजाने संपर्क बिघडू शकतो. काच चढविणाऱ्या मोटरच्या बाबतीत ही केवळ गैरसोय ठरेल. मात्र काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा दाबसंवेदक दरवाजातच असतो.