सिसिलीत गाडीने फिरताय? घरी परतल्यावर येणारा दंड कसा टाळाल?

सुट्टी संपलेली असते, फोटो टाकून झालेले असतात, मुलांची शाळाही सुरू झालेली असते. आणि एक दिवस मेसेज येतो, भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीने क्रेडिट कार्डावरून पैसे कापल्याचा. पाठोपाठ इटलीतल्या महापालिकेचं पत्र. परदेशी पत्त्यावर दंडाची नोटीस पाठवायला तिथल्या कायद्याने 360 दिवसांची मुदत दिली आहे.

सिसिली हे भूमध्य समुद्रातलं सर्वांत मोठं बेट. क्षेत्रफळ सुमारे 25,700 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढं. कातानियाहून निघून मेसिना, पालेर्मो, त्रापानी, आग्रिजेंतो, रागुसा, सिराकुसा आणि परत कातानिया, अशी फेरी सुमारे 900 किलोमीटरची होते. आग्रिजेंतोची ग्रीक मंदिरं, 1693 च्या भूकंपानंतर नव्याने उभी राहिलेली नोतो-रागुसासारखी गावं, मधले समुद्रकिनारे हे सगळं मुलांना घेऊन बघायचं तर स्वतःची गाडी सोयीची. आठ-दहा दिवस हवेत. पाच दिवसांत उरकायला गेलात तर मुलं मागच्या सीटवरूनच सिसिली बघतील.

झेडटीएल म्हणजे काय?

दंडाचं सर्वांत मोठं कारण हेच. 'झोना अ ट्राफिको लिमितातो', म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेश असलेला भाग. बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी तो असतो. तिथे ना फाटक, ना पोलिस. लाल कडेचा पांढरा गोल फलक आणि नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा, बस्स.

खरी फसगत होते ती इलेक्ट्रॉनिक फलकावर. त्यावर 'वार्को अत्तीवो' अशी अक्षरं दिसली की पर्यटकांना वाटतं, रस्ता सुरू आहे. अर्थ नेमका उलटा! कॅमेरा सुरू आहे, परवानगी नसेल तर आत येऊ नका. 'नॉन अत्तीवो' दिसलं तरच जाता येतं. मॅपवर विसंबून राहू नका, तो अनेकदा सरळ आत नेतो.

दंड 80 युरोंच्या पुढे. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तरी आठ हजार झाले. हॉटेल शोधत दोनदा आत शिरलात, तर दोन दंड होऊ शकतात. शिवाय तुमची माहिती पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीची कंपनी स्वतःचं शुल्क लावते ते वेगळंच. (हे मला दंडापेक्षा जास्त खटकतं.) हॉटेल अशा भागात असेल, तर ते तुमचा गाडी नंबर नोंदवून देतात का, हे बुकिंगच्या आधीच विचारा. नाहीतर गाडी बाहेर लावून चालत जा. पांढऱ्या रेषांमधलं पार्किंग सहसा मोफत, निळं पैसे भरून, पिवळं राखीव.

कागदपत्रं कोणती?

आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या. त्याची मुदत एक वर्षाची. सोबत मूळ लायसन्सही लागतंच. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचं आहे. मांडीवर घेऊन बसणं चालत नाही.

गाडी उजव्या बाजूने चालवायची. पहिल्या दिवशी चुकायला होतं ते चौकात वळताना, त्यामुळे शेजारी बसणाऱ्याने 'उजवीकडे' म्हणत राहावं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधीच सांगा, नाहीतर गिअरची मिळेल आणि गिअर उजव्या हाताला असेल. पंपावर 'गाझोलिओ' म्हणजे डिझेल. गॅसोलीनसारखं वाटतं म्हणून पेट्रोलच्या गाडीत भरू नका, पेट्रोल म्हणजे 'बेन्झिना'.

एटनाचं काय?

ज्वालामुखी जागा आहे. राख पडते तेव्हा रस्ता वाळू टाकल्यासारखा निसरडा होतो. ऑगस्ट 2023 मध्ये कातानियात दुचाकींना बंदी घालून वेगमर्यादा 30 वर आणली होती, विमानतळही बंद ठेवावा लागला होता. काचेवर राख साचली तर कोरडा वायपर फिरवू नका, चरे पडतात. आधी पाणी ओता. परतीचं विमान कातानियाहून असेल, तर ते वेळेवर आहे का हे गाडी परत करण्याआधीच बघून घ्या.