काडी ज्याची, राखण त्याची

वेल्ह्याच्या डोंगरात एप्रिल-मे महिन्यांत राब भाजतात. भाताचे रोप टाकायच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या आणि गवत यांचा थर अंथरायचा, वरून माती पसरायची आणि पेटवून द्यायचे. जमीन भाजली की तण मरते आणि रोप जोमाने येते. तोरणा-राजगडाच्या पायथ्याला आणि भोर तालुक्यातल्या हिर्डस मावळात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. या कामाचे नियम कोणत्या पुस्तकात नाहीत, पण लहान पोरालाही ते ठाऊक असतात. वारा पडल्यावरच पेटवायचे. कड आधी झाडून घ्यायची. हाताशी ओला डहाळा आणि पाण्याची घागर ठेवायची. आणि ज्याने काडी लावली त्याने विझेपर्यंत जागचे हलायचे नाही. शेजाऱ्याच्या गवताच्या गंजीवर ठिणगी गेली, तर ‘वाऱ्याने नेली’ ही सबब गावात कोणी ऐकून घेत नाही.

वाचकहो, लेख युद्धातल्या आगीवर आहे आणि सुरुवात राबाने केली, याला कारण आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मी वेल्हे तालुक्यात (या तालुक्याला आता राजगड हे नाव द्यायचे ठरले आहे) एका नातलगांच्या घरी गेलो होतो. रात्री टीव्हीवर गाझाच्या बातम्या चालू होत्या. आकाशात काहीतरी फुटले आणि त्यातून पांढऱ्या शेपट्यांचे झुंबर खाली उतरू लागले. प्रत्येक शेपटीच्या टोकाला ठिणगी. चुलीजवळ बसलेल्या आजींनी विचारले, “ह्यो कसला पाऊस रं?” त्यांचा मुलगा एका दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “धुराचा गोळा हाय त्यो, आये.” आजी म्हणाल्या, “मग खाली माणसं का पळत्यात?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायला जगातल्या मोठमोठ्या कायदेपंडितांना चाळीस वर्षांत जमलेले नाही.

त्या पांढऱ्या पावसाचे नाव पांढरा फॉस्फरस. हा मेणासारखा पदार्थ उघड्या हवेत साधारण ३० अंश तापमानाला आपोआप पेटतो. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या दुपारी त्याला काडीही लागत नाही. जळताना तो सुमारे ८०० अंशांपर्यंत तापतो, दाट पांढरा धूर सोडतो आणि लसणासारखा वास येतो. अंगावर पडला तर कातडीला चिकटतो आणि खोल जात राहतो. पाणी टाकले की विझल्यासारखा वाटतो, पण पाणी सुकून हवा लागली की पुन्हा पेटतो. म्हणून डॉक्टर जखमेवर सतत ओले फडके ठेवतात आणि एकेक कण वेचून काढतात. एखादा कण राहिला तर पट्टी सोडताना जखमेतून परत धूर निघतो. शिवाय तो रक्तात भिनून यकृत आणि मूत्रपिंडावर घाव घालतो. तोफेच्या १५५ मिलिमीटरच्या एका प्रकारच्या गोळ्यात या फॉस्फरसात भिजवलेले नमद्याचे ११६ तुकडे असतात. गोळा हवेत फुटला की ते शे-दोनशे मीटरच्या घेरात विखुरतात. खाली खंदक आहे की शाळा, हे तुकड्याला कळत नाही.

आपल्यासारख्या कामगारांच्या घरांनी या पदार्थाची आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. एके काळी तो आगकाडीच्या गुलात घालत. काड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुली-बायकांना त्याच्या वाफेने जबड्याचा रोग होई. दात पडत, हाड सडे, चेहरा विद्रूप होई. १८८८ साली लंडनमध्ये काड्यांच्या कारखान्यातल्या मुलींनी संप केला, त्यात दंडाच्या आणि मजुरीच्या तक्रारींबरोबर हा रोगही होता. पुढे १९०६ साली बर्न शहरात देशादेशांचा करार होऊन पांढऱ्या फॉस्फरसाच्या काड्यांवर बंदी आली. हिंदुस्थानातही १९१३ साली तसा कायदा झाला. आज आपल्या चुलीजवळच्या काडेपेटीच्या बाजूला जो फॉस्फरस असतो तो लाल, पुष्कळ निरुपद्रवी. कामगारांच्या जबड्यासाठी जगाने हा पदार्थ काडीतून काढला, तोफेच्या गोळ्यात मात्र राहू दिला.

असे का झाले? युद्धात आगीला आवर घालण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला राष्ट्रांनी ठरवले की ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या गोळीत स्फोटक किंवा पेटणारा पदार्थ भरायचा नाही, कारण जखमी शिपायाचे हाल विनाकारण वाढवण्याचा हक्क कोणाला नाही. त्याहून जड गोळ्याला बंदी नव्हती! मग १९४२ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात नापाम तयार झाले. नापाम म्हणजे पेट्रोल घट्ट करून अंगाला चिकटेल असे केलेले. १९४५ च्या मार्चमध्ये ९ आणि १० तारखांच्या रात्री टोकियोच्या लाकडी घरांच्या कामगार वस्त्यांवर असे आगीचे बॉम्ब पडले आणि एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाममधल्या त्रांग बांग गावात नऊ वर्षांची किम फुक पेटलेले कपडे फेकून रस्त्यावरून धावली. तो फोटो जगाने पाहिला. अशा धक्क्यांनंतर १९८० मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याच्या तिसऱ्या जोडपत्रात आग लावणाऱ्या शस्त्रांचे नियम आले. नागरी वस्तीत असलेल्या लष्करी ठिकाणावरही विमानातून आगीचे शस्त्र टाकायचे नाही. जंगल पेटवायचे नाही, शत्रू त्यात लपलेला असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या भारताने हे नियम १९८४ पासून मान्य केले आहेत.

पण या नियमांत दोन भोके आहेत. पहिले, विमानातून टाकण्याला जेवढी कडक बंदी तेवढी जमिनीवरच्या तोफेला नाही. दुसरे त्याहून मोठे. आगीचे शस्त्र कोणते? तर जे ‘मुख्यतः’ आग लावण्यासाठी किंवा माणूस भाजण्यासाठी बनवले ते. धुरासाठी, उजेडासाठी, खुणेसाठी बनवलेला गोळा त्यात मोडत नाही, मग त्याने गाव जळो. रासायनिक शस्त्रांवर बंदी घालणारा १९९३ चा करारही इथे उपयोगी पडत नाही, कारण तो विषारीपणाचा शस्त्र म्हणून वापर करण्याला रोखतो, आगीला आणि धुराला नाही. म्हणजे पांढरा फॉस्फरस एका दारावर सांगतो ‘मी आग नाही, धूर आहे’, आणि दुसऱ्या दारावर सांगतो ‘मी विष नाही, आग आहे’. दोन्ही दारांतून तो सुटतो.

२००४ च्या नोव्हेंबरात इराकमधल्या फलुजा शहरात अमेरिकेच्या सैन्याने तो वापरला आणि वर्षभराने माणसांविरुद्ध वापरल्याचे कबूल केले. २००९ च्या जानेवारीत गाझात संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर आणि बैत लाहियाच्या शाळेवर तो पडला. त्या शाळेत घरे सोडून आलेल्या लोकांनी आसरा घेतला होता. २०१३ मध्ये इस्रायलच्या सैन्याने आपल्या न्यायालयात सांगितले की काही अपवाद सोडता वस्तीत तो वापरणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने चित्रफिती तपासून गाझा आणि लेबनॉनमध्ये तो वापरल्याचे सांगितले. गाझाबाबतचा आरोप इस्रायलच्या सैन्याने नाकारला. आजींनी टीव्हीवर पाहिला तो याच वादातला पाऊस.

हे सारे लांबचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याने आपल्याच डोंगरांकडे पाहावे. १६६५ च्या एप्रिलमध्ये मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला वेढा घातला होता. किल्ला लवकर पडेना, म्हणून दाऊदखान आणि रायसिंह यांना फौज देऊन शिवाजी महाराजांच्या मुलखात सोडले. २७ एप्रिलच्या सुमारास ही फौज रोहिड्याजवळ आली आणि तिने सुमारे ५० गावे जाळली. मग ३० एप्रिलला ती राजगडाच्या रोखाने निघाली, तीही वाटेतली गावे जाळीतच. रोहिडा भोर तालुक्यात, राजगड वेल्ह्यात. किल्ल्यांना झळ लागली नाही. जळाल्या त्या गवताने शाकारलेल्या झोपड्या, आणि त्याही राब भाजायच्या हंगामात, जेव्हा घरात बियाण्याचे भात ठेवलेले असते. तेव्हा फॉस्फरस नव्हता, चूड होती. हिशेब मात्र आजचाच होता, की किल्ला पडत नाही तर त्याला पोसणारा गरीब जाळा.

त्याच काळात आगीकडे पाहण्याची दुसरी नजरही होती. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवील, तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, तर सारे खाक होईल, अशी ताकीद त्यात आहे. उंदराने नेलेल्या वातीचा जाबही राजा आपल्या अंमलदाराला विचारतो. आजच्या ‘मुख्यतः धुरासाठी’ या शब्दांत हा जाब कुठे बसतो?

आता शिपायाची बाजूही ऐकली पाहिजे. उघड्या मैदानातून जखमी साथीदाराला उचलून आणायचे असेल तर धुराचा पडदा जीव वाचवतो. आपल्या समाजातली किती घरे फौजेत आहेत! त्यांना धूर नको असे घरी बसून म्हणणे सोपे आहे. पण धूर पाहिजे म्हणून हाच धूर पाहिजे असे होत नाही. लाल फॉस्फरसाचा धूर आहे, दुसऱ्या रसायनांचा आहे. आणि भर वस्तीवर, हवेत फोडून, रात्रीच्या वेळी कोणाला कशासाठी झाकायचे असते?

बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रांचा आणि विषाचा व्यापार येतो. त्याच बुद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितले. इथे कोणी चतुर माणूस म्हणेल, की मग कायदाही हेतूच पाहतो, बनवणाऱ्याचा हेतू धुराचा होता. मला हे पटत नाही. खाली माणसे आहेत हे ठाऊक असून जो गोळा सोडतो, त्याचा हेतू पेटीवरच्या शिक्क्यात सापडायचा नाही, त्याला जे ठाऊक होते त्यात सापडेल. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा त्यांनी तत्त्व मानले, आंधळा नियम मानले नाही. म्हणून आपण सीमेवरच्या जवानाला दोष देत नाही. पण गरज मानली की गरजेला मोजमापही आले. शत्रूला थांबवण्याची गरज असू शकते. पट्टी सोडताना पुन्हा पेटणारी जखम कोणत्या गरजेत बसते?

राहिला कामगार. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. देहूरोडच्या कारखान्यात धुराच्या आणि उजेडाच्या दारूगोळ्याचे काम होते. २०२१ मध्ये देशातले असे कारखाने नव्या सरकारी कंपन्यांत वाटले गेले, त्यांतल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे. ज्या देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्याच गावात दारूगोळ्याचे कोठार. विहारात पंचशील म्हणून कामाच्या पाळीला जाणारी माणसे आपलीच. त्यांनी नोकरी सोडावी असे मी म्हणणार नाही. पाच व्यापारांत मोडतो तो सौदा करणारा. पगारावर राबणाऱ्याला त्याच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. पण कामगाराला विचारायचा हक्क आहे. लंडनच्या त्या मुलींनी स्वतःच्या जबड्यासाठी विचारले. संघटनेने पगारवाढीच्या मागणीबरोबर एवढेही विचारावे, की आपण भरतो तो माल कोणत्या अटीवर दुसऱ्या देशाला जातो, आणि लाल फॉस्फरसाने भागते तिथे पांढरा का?

त्या रात्री आजी झोपल्यावर तो निवृत्त कामगार ओट्यावर येऊन बसला. त्याच्या हातचा गोळा गाझात पडला असे कोणी म्हणत नव्हते, तोही म्हणत नव्हता. तरी म्हणाला, “दादा, पेटीवर धूर असाच शिक्का असायचा. पुढचं आम्ही कधी इचारलंच नाही.”

यंदा मे महिन्यात परत गेलो तेव्हा वाफ्यावर राब धुमसत होता. त्याच्या मुलाने आयटीआय पूर्ण केले होते आणि अशाच एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारीचा फॉर्म आणला होता. बांधावर बसून बापाने सही केली. पोराला एवढेच म्हणाला, “काय भरतोस ते इचारून घे. शिक्का वाचून थांबू नगंस.” पोराने मान हलवली आणि फॉर्म पिशवीत ठेवून तो पाण्याची घागर आणायला ओढ्याकडे गेला. राब विझायला अजून तासभर होता.