खाडीकाठ का खचतो?

मंडळी, कल्याणला दुर्गाडीखाली ओहोटीच्या वेळी जरा उभे राहून पाहा. पाणी उतरते, चिखल उघडा पडतो आणि एखादे वेळी काठाचा तुकडाच धपकन खाली बसतो. पाहणारा म्हणतो, ‘खाडीने जमीन खाल्ली!’ पण खाडीला ही भूक लागली कशाने?

राजमाचीच्या बाजूने निघालेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करीत कल्याणला येते. इथे तिला समुद्राची भरती भेटते आणि नदीची खाडी होते. भरतीत काठाची माती पाणी पिऊन जड होते. ओहोटीला बाहेरचे पाणी भराभर उतरते, त्याचा टेकू जातो. आतले पाणी मात्र लवकर निघत नाही. मग जड काठ घसरतो. हे पूर्वापार चालले आहे. पण नदी एका हाताने नेई आणि दुसऱ्या हाताने देई. पावसाळ्यात वरून रेती-गाळ येई, खड्डे भरून निघत.

आता या हिशेबात जमा कमी, खर्च फार. बारवी आणि भातसा ही धरणे आपल्याला पाणी देतात, पण गाळही अडवतात. खाली डोंबिवली, दिवा, मुंब्रा या पट्ट्यात इमारतींसाठी रेती उपसली गेली. पूर्वी माणूस डुबी मारून पाटीने रेती काढी. पुढे सक्शन पंप आले. काठाशी खोल खड्डा पडला, की वरची माती त्यात सरकणारच. त्यातच तिवरे तोडली, म्हणजे माती धरून ठेवणारी मुळेही गेली.

याचे मोल कोण देतो? खारजमिनीच्या बांधाला खांड पडली, की खारे पाणी भातात शिरते. ते पीक तर जातेच. शिवाय मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे खर्ची पडतात. रेतीचे पैसे एकाच्या खिशात, नुकसान दुसऱ्याच्या शेतात! मुंब्रा-दिव्याकडे तर रेल्वेचा रस्ताही खाडीला खेटून जातो. १८५४ साली ठाण्याहून कल्याणला गाडी आली, ती याच बाजूने. तो काठ म्हणजे सगळ्यांचाच काठ.

कायदे आहेत. खारजमिनींसाठी १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली कायदा झाला. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली आणि २०१८ साली ती कायम केली. पण बांधावर रोज जाणारा माणूस गावचाच असतो. उधाणापूर्वी बांध फिरून पाहावा, खेकड्यांची बिळे बुजवावीत, उघाडीची झडप नीट मिटते का ते बघावे. काठालगत पंप दिसला तर गावाने मिळून तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्यावी.

गुरुजींनी वर्गात एवढे करावे: घमेल्यात कोरड्या रेतीचा उतार रचावा आणि पायथ्याची चमचाभर रेती काढावी. वरची रेती आपोआप ढासळेल. मग मुलांना विचारावे, ‘वरच्या रेतीला हात कोणी लावला?’