वास आला तर दिवा लावू नका

गेल्या पावसाळ्यात मिशनची आरोग्यसेविका एका पाड्यावर मुक्कामाला होती. तिन्हीसांजेला घरात उग्र वास सुटला. आजी म्हणाली, "कोपऱ्यात उंदीर मेला असंल. चिमणी लाव गं, बघू." सुनेने काड्यापेटी हातात घेतली, तेवढ्यात सेविकेने तिचा हात धरला. उंदीर मेलेला नव्हता. गॅसच्या शेगडीची नळी तडकली होती आणि टाकीवरचा रेग्युलेटर चालूच राहिला होता. सगळ्यांना अंगणात काढले, गॅस बंद केला आणि थोडक्यात निभावले.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पाड्यापाड्यांवर गॅस पोचला. आयाबहिणींच्या डोळ्यांतला धूर कमी झाला, ही मोठीच गोष्ट आहे. पण टाकी घरात आली तशी तिची माहिती प्रत्येक घरात आली नाही. म्हणून हा लेख. कार्यकर्त्यांनी तो बैठकीत वाचून दाखवावा.

टाकीत काय असते?

टाकीत मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू असतात. दाब देऊन त्यांचे पातळ द्रव करून भरलेले असते. घरगुती टाकीत असा १४.२ किलो गॅस असतो. बाहेर पडताच त्या द्रवाचा पुन्हा वायू होतो आणि तो अडीचशे पटींनी फुगतो. म्हणून गळती लहान दिसली तरी ती लहान नसते. बंद खोलीतल्या हवेच्या शंभर भागांत गॅसचे दोनच भाग मिसळले, तरी एक ठिणगी पुरते.

या वायूंना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. सडक्या कोबीसारखा किंवा मेलेल्या उंदरासारखा वाटणारा तो वास म्हणजे गॅसने मारलेली हाक आहे. ती घरातल्या लहानथोरांना ओळखता आली पाहिजे.

आपल्या घरांत धोका कुठे?

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. धूर वर चढतो आणि कौलांतून निघून जातो, पण गॅस पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीलगत साचतो. शहरातल्या घरात शेगडी ओट्यावर असते. आपल्या कुडाच्या घरांत शेगडी, चूल, चिमणी सगळे जमिनीवरच. लेकरेही तिथेच झोपतात. म्हणजे गॅस जिथे साचतो, नेमका तिथेच विस्तव आणि तिथेच माणसे.

भरलेली टाकी महाग पडते, म्हणून बहुतेक घरांत गॅस आणि चूल दोन्ही चालतात. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. फक्त दोन्ही एका खोलीत नकोत. चूल पडवीत किंवा अंगणात न्यावी.

शेगडीसाठी दगडमातीचा ओटा बांधावा. तो इतका उंच हवा, की शेजारी जमिनीवर उभ्या ठेवलेल्या टाकीपेक्षा शेगडी वर राहील. उंबऱ्याने दाराखालची वाट अडलेली असते, तेव्हा खालचा वारा बाहेर जाईल अशी एखादी फट जमिनीलगत ठेवावी.

वास आला तर

काडी ओढू नका. विजेचा खटका चालू करू नका आणि चालू असेल तर बंदही करू नका, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. दारे उघडा आणि माणसांना बाहेर काढा. हात पोचत असेल तर रेग्युलेटर बंद करा. त्याच घरात चूल किंवा चिमणी पेटलेली असेल, तर टाकीच्या मागे न लागता आधी सगळे बाहेर पडा. मग लांब जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालतो.

रोजची काळजी

स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद करावा, नुसती शेगडी नव्हे. नळी आयएसआय छापाची, आत तारेची जाळी असलेली घ्यावी, म्हणजे उंदीर सहजी कुरतडत नाहीत. पाच वर्षांनी ती बदलावी, चीर दिसली तर लगेच. गळतीची शंका आल्यास सांध्यांना साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी लावून कधीही पाहू नये.

गॅस संपत आला म्हणून टाकी आडवी करणे, गरम पाण्यात ठेवणे किंवा चुलीजवळ नेणे जिवावर बेतू शकते. टाकी नेहमी उभी असावी. रिकाम्या टाकीतही थोडा गॅस उरतो, तेव्हा तिचे टोपण लावून ठेवावे. टाकी घेताना वरच्या पट्टीवरचे अक्षर व आकडा पाहावा. बी-२७ म्हणजे जून २०२७ पर्यंत तपासणीची मुदत. ए म्हणजे मार्च, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर.

सिगारेट पेटवायच्या लायटरमध्ये आणि अंगावर मारायच्या पुष्कळ सुगंधी फवाऱ्यांतही हेच वायू असतात. रिकामे डबे मुले शेकोटीत टाकतात आणि ते फुटतात. मुलांना वेळीच सांगावे.

भाजले तर

कपड्यांना आग लागली तर पळू नये. जमिनीवर लोळावे किंवा घोंगडीत गुंडाळावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी ओतावे. हळद, शेण, टूथपेस्ट काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे. गाडीसाठी १०८ क्रमांक आहे.

ओट्याला लागतात दगड, माती आणि दोन माणसांचे श्रम. येत्या तिमाहीत आपापल्या पाड्यावर ज्या घरी गॅस आहे तिथे ओटा आहे का, हे कार्यकर्त्यांनी पाहावे. नसेल तर श्रमदानाने बांधून द्यावा. आणि निघण्यापूर्वी घरातल्या आजीला एवढे जरूर सांगावे, की उंदीर मेल्यासारखा वास आला तर आधी दार उघड, दिवा नंतर.