कमरेचे पिस्तूल शर्टाच्या आत की बाहेर? परवानाधारकाला कायदा काय सांगतो

पुणे-सातारा महामार्गावरचा ढाबा, चेलाडी फाट्यावरची चहाची टपरी किंवा लग्नसराईतले मंगल कार्यालय. पांढऱ्या शर्टाखालून कमरेचे होल्स्टर डोकावताना भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात बघायला मिळते. बघणारे पटकन नजर वळवतात. ज्याच्या कमरेला ते आहे, त्यालाही बहुधा तेवढेच हवे असते. परवाना असेल, तर पिस्तूल असे दिसेल अशा रीतीने लावता येते का?

नाही. भारतात हा आवडीनिवडीचा प्रश्न उरलेला नाही. शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या वस्तूत ठेवूनच नेता येते. ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पूर्ण ताबा असला पाहिजे. म्हणजे इनशर्ट करून पट्ट्याला उघडे होल्स्टर लावणे हे नियमाबाहेरचे, आणि पिस्तूल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून चहाला उतरणे हेही नियमाबाहेरचे. हत्यार उगारणे, हवेत बार काढणे या गोष्टींना तर स्पष्ट बंदी आहे.

मग पोलिसांच्या कमरेला उघडे पिस्तूल कसे? शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ ने कर्तव्यावरील सरकारी सेवकांना या कायद्यातून वगळले आहे. गावच्या पुढाऱ्याला ती सवलत नाही.

उघडे ठेवण्याच्या बाजूने काय बोलले जाते?

अमेरिकेत हा वाद जुना आहे. टेक्सासने जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना कमरेला उघडे पिस्तूल लावण्याची मुभा दिली, तेव्हा दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले गेले. समर्थकांचे म्हणणे असे, की शस्त्र दिसले की हल्लेखोर दोनदा विचार करतो आणि वेळ आलीच तर ते चटकन हाती येते. विरोधक म्हणतात, की दिसणारे शस्त्र हिसकावले जाऊ शकते, हल्लेखोर पहिला वार त्याच माणसावर करतो आणि साध्या बाचाबाचीला उगाच जिवाचे वळण लागते.

आपल्याकडे यातला शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. पुणे शहर पसरत चालले, तशा भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या जमिनींना किंमत आली. फार्महाऊस, प्लॉटिंग, रस्त्यासाठी सोडायची जागा, सामाईक बांध, कुळाचा हक्क अशी भांडणे घरोघरी आहेत. अशा भांडणात मोजणीच्या दिवशी एका पक्षाच्या कमरेला पिस्तूल दिसले, की ते स्वसंरक्षण राहत नाही. शब्दही न बोलता दिलेली ती धमकी ठरते. गुन्हेगारी स्वरूपाची धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खालचा गुन्हा आहे, आणि धमकी कृतीतूनही देता येते.

शेजारच्या मुळशी तालुक्यातले प्रकरण अनेकांना आठवत असेल. धडवली गावात जून २०२३ मध्ये जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल रोखल्याचा आरोप असलेली चित्रफीत जुलै २०२४ मध्ये सर्वत्र फिरली. त्यानंतर पौड पोलिसांत गुन्हा दाखल झाला, अटक झाली आणि परवाना रद्द का करू नये, अशी नोटीस पुणे पोलिसांनी बजावली. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. पण घटना आणि कारवाई यांच्यात वर्षाहून अधिक काळ गेला आणि मोबाइलमधली चित्रफीत बाहेर आल्यावरच चक्रे फिरली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

झाकले म्हणजे काम झाले?

झाकलेले पिस्तूलही सगळीकडे नेता येत नाही. परवान्यावरच्या अटी फार थोडे लोक वाचतात. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा-संमेलन आणि शाळा-महाविद्यालयाचे आवार इथे खास परवानगीशिवाय शस्त्र नेण्यास मनाई असते. वेल्ह्यात मेंगाई देवीची यात्रा असो की भोरमार्गे मांढरदेवला जाणे असो, पिस्तूल घरच्या कपाटात कुलूपबंद राहिलेले बरे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश सणावारांच्या आगेमागे निघतात, त्यावरही लक्ष ठेवावे लागते. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे, हे त्यावर लिहिलेले असते. वरंध घाट उतरून महाडला गेले की रायगड जिल्हा लागतो, हे निघण्याआधी आठवावे.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. अभिनेते गोविंदा यांना १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईतल्या घरी स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. तिथे हल्लेखोर नव्हता, भांडण नव्हते. शर्टाआड नेफ्यात नुसते खोचलेले भरलेले हत्यार तर बसताना, गाडीतून उतरताना कधीही घसरू शकते. चापाचा घोडा झाकणारे घट्ट होल्स्टर नसेल, तर लपवून बाळगणे हे उघडे बाळगण्याइतकेच धोक्याचे, आणि पहिला धोका बाळगणाऱ्याच्याच मांडीला. परवान्यासाठी शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते ते यासाठीच. नंतर किती जण गोळीबाराच्या मैदानावर सरावाला जातात, हा प्रश्न वेगळा.

मोबाइलवरचे प्रदर्शन

दसऱ्याला शस्त्रपूजा घरात होते, त्याला कोणाची हरकत नाही. अडचण होते ती त्याच पूजेतले पिस्तूल हातात घेऊन काढलेला फोटो स्टेटसला ठेवल्यावर. बीड जिल्ह्यात २०२४ च्या अखेरीस सरपंच हत्येच्या प्रकरणानंतर असे फोटो आणि चित्रफिती पोलिसांनी तपासल्या आणि प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. लग्नात हौसेने हवेत गोळी झाडणाऱ्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने वेगळी तरतूद आणली आहे. बेदरकारपणे झाडलेल्या अशा गोळीमुळे इतरांची सुरक्षा धोक्यात आली, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवान्याच्या इतर अटी मोडल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षा किरकोळ वाटेल, पण कलम १७ खाली परवानाच निलंबित किंवा रद्द होतो, आणि रुबाबासाठी शस्त्र घेतलेल्याला तेच अधिक लागते.

तक्रार कुठे करायची?

भोर-वेल्ह्यातल्या रहिवाशांना परवाना देतात पुण्याचे जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी या नात्याने, आणि त्यासाठीचा चौकशी अहवाल जातो पुणे ग्रामीण पोलिसांकडून. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणाऱ्या शहरी पाहुण्याचा परवाना मात्र पोलीस आयुक्तालयाचा असू शकतो. तक्रारदाराने या घोळात पडण्याचे कारण नाही. शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागण्याचा अधिकार कलम १९ ने कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे, मग परवाना कुठल्याही कार्यालयाचा असो. बांधावर, टपरीवर किंवा मांडवात कोणी पिस्तूल दाखवत असेल, तर त्याच्याशी वाद घालू नये. आधी तिथून बाजूला व्हावे, ११२ वर कळवावे आणि गाडीचा क्रमांक, वेळ व ठिकाण लिहून ठेवावे. नंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. जमिनीचा दावा चालू असेल, तर तक्रारीत गट क्रमांकही नमूद करावा.