दोन शब्द, हजारभर अर्थ

पीटर गिलिव्हर हे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे एक संपादक. कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने लिहायचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्या एका शब्दात त्यांचे नऊ महिने गेले. २०११ मध्ये ते हातावेगळं झालं, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५. पाचवीतल्या पोराला विचारलं तर तो एकच सांगेल: धावणे.

त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. याच कोशाच्या १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेले आहेत. ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे. एवढ्या मजकुरात एक बऱ्यापैकी कादंबरी होते.

हे अर्थ कोशकाराने डोकं लढवून काढलेले नसतात. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये या कोशाची कल्पना मांडली, ती मुळात वाचकांच्या जिवावर. हौशी लोकांनी जुनी-नवी पुस्तकं वाचायची, शब्द वापरलेलं वाक्य चिठ्ठीवर उतरवायचं, खाली लेखक, पुस्तक आणि साल लिहायचं, आणि चिठ्ठी पाठवून द्यायची. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले आणि त्यांनी घराच्या आवारात पत्र्याची एक शेड उभारली. तिला ‘स्क्रिप्टोरियम’ असं भारदस्त नाव मिळालं. आत भिंतींना खणाखणांचे कप्पे आणि कप्प्यांत चिठ्ठ्या. एखादा शब्द घ्यायचा झाला की त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या वाटणाऱ्या वाक्यांची गड्डी लावायची, गड्डीत न बसणारी चिठ्ठी बाजूला ठेवायची. जितक्या गड्ड्या, तितके अर्थ. पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. मरे त्याआधीच, १९१५ मध्ये वारले होते. आज चिठ्ठ्यांच्या जागी संगणकातला मजकूर आला, तरी गड्ड्या लावायचं काम माणसालाच करावं लागतं.

‘रन’च्या गड्ड्या पाहण्यासारख्या आहेत. इंग्रजीत नाक ‘रन’ होतं, तेव्हा मराठीत ते वाहतं. कपड्याचा रंग ‘रन’ होतो, तेव्हा तो जातो. सिग्नल ‘रन’ करणारा तो तोडतो, दुकान ‘रन’ करणारा ते चालवतो, वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करतं म्हणजे छापतं. बायकांच्या पातळ पायमोज्याची वीण उसवत गेली की अमेरिकेत त्या उसवलेल्या रेघेलाही ‘रन’च म्हणतात. आणि अगाथा ख्रिस्ती यांचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून लंडनमध्ये ‘रन’ होतं आहे. कोविडच्या काळात पडलेला खंड सोडला तर ते थांबलेलं नाही.

काही ठिकाणी तर धावण्याचा मागमूसही उरत नाही. २००७ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेतून पैसे काढायला ठेवीदारांची झुंबड उडाली. बँकेवरच्या अशा झुंबडीला इंग्रजीत ‘रन’ म्हणतात. प्रत्यक्षात ती माणसं शाखांच्या दारात तासन्‌तास रांगेत उभी होती. क्रिकेटमध्ये चेंडू सीमारेषेपार गेला की एक पाऊलही न धावता चार ‘रन’ मिळतात. मराठीनेही त्यांना इमानदारीत चार ‘धावा’ म्हणून टाकलं.

इंग्रजी बोलणाऱ्यांतही या शब्दावर एकमत नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. मराठी उमेदवारही उभाच राहतो. यंत्रांचंही तसंच. इंग्रजीत इंजिन धावतं. फ्रेंच माणूस त्याच यंत्राला ‘मार्श’ म्हणतो, म्हणजे ते चालतं. मराठीत घड्याळ चालतं, गिरणी चालते, नाटक चालतं, आणि काहीच अडचण नसेल तर ‘चालेल’. जिथे इंग्रजी पळते, तिथे मराठी आणि फ्रेंच चालत जातात, आणि कामं तिन्हींकडे होतात.

‘रन’ने ‘सेट’ला मागे कसं टाकलं, याचं एक उत्तर ब्रिटिश लेखक सायमन विंचेस्टर यांनी २०११ मध्ये दिलं. यंत्रयुग आलं, आगगाड्या, गिरण्या, मोटारी आल्या आणि त्या सगळ्यांना इंग्रजीने ‘रन’ लावलं. पुढे संगणक आला, तोही प्रोग्राम ‘रन’ करू लागला. विंचेस्टर यांच्या मते ‘सेट’ हा निवांत काळातला शब्द आणि ‘रन’ धावपळीच्या काळातला. म्हणणं चटकदार आहे, पण आकड्यांची तुलना जपून करावी लागते. ‘रन’चा आकडा ताज्या, नव्याने लिहिलेल्या नोंदीतला आहे. ‘सेट’चा आकडा आहे १९८९ चा, आणि त्या आवृत्तीतला बराचसा मजकूर १९२८ पर्यंतच्या कामातून जसाच्या तसा आलेला. शिवाय ‘नळ वाहतो’ आणि ‘नदी वाहते’ यांची एक गड्डी करायची की दोन, हे संपादकाच्या नजरेवर अवलंबून. शाळकरी कोश तर ‘रन’लाही काही ओळींत उरकतो.

‘सेट’ची जन्मकथा मराठी वाचकाला घरातली वाटावी अशी आहे. हे ‘सिट’चं प्रयोजक रूप. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. मराठीत पडणे–पाडणे, मरणे–मारणे, चरणे–चारणे अशा जोड्यांत आतला स्वर बदलून प्रयोजक होतं. इंग्रजीत अशा मोजक्याच जोड्या उरल्या आहेत. झाड ‘फॉल’ होतं म्हणजे पडतं, ‘फेल’ केलं म्हणजे पाडलं, ही त्यांतलीच एक. संस्कृतातला सद् हा धातू आणि इंग्रजी ‘सिट’ एकाच भारत-युरोपीय मुळातून निघाले. सद् पासून सदन, संसद आणि उपनिषद आले. त्याचं प्रयोजक रूप ‘सादयति’ हा तर ‘सेट’चा सख्खा चुलतभाऊ.

म्हणूनच ‘सेट’चे कितीतरी अर्थ ‘बसवणे’त चपखल बसतात. सोनार अंगठीत हिरा ‘सेट’ करतो, म्हणजे बसवतो. हाडवैद्य निखळलेलं हाड ‘सेट’ करतो, म्हणजे बसवतो. मात्र सगळीकडे हे जमत नाही. छापखान्यात टाइप ‘सेट’ करणारा मराठीत खिळे जुळवायचा, म्हणून तो जुळारी. सूर्य ‘सेट’ होतो तेव्हा मराठीत तो मावळतो. बांधकामावर ‘सेट’ होणं तर मिनिटांत मोजतात. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटने पहिली ३० मिनिटं तरी घट्ट होऊ लागता कामा नये, आणि ६०० मिनिटांच्या आत ते पूर्ण सेट व्हायला हवं. त्या पहिल्या अर्ध्या तासात गवंड्याला माल कालवून, वाहून, जागेवर टाकायचा असतो.

कपबशांचा ‘सेट’ किंवा गणितातला ‘सेट’ मात्र या घराण्यातला नाही. तो लॅटिन ‘सेक्टा’पासून जुन्या फ्रेंचमार्गे आला, म्हणजे पंथ या अर्थाच्या ‘सेक्ट’चा भाऊबंद. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या शब्दांचा उच्चार एक झाला आणि अर्थही एकमेकांत मिसळले. ‘रन’च्या पोटातही दोन जुनी क्रियापदं आहेत, एक धावण्याचं आणि एक धावायला लावण्याचं. मराठीने चालणे आणि चालवणे वेगळं ठेवलं. इंग्रजीत कारखाना ‘रन’ होतो आणि मालकही तो ‘रन’च करतो.

असे ढीगभर अर्थ छोट्या, रोजच्या शब्दांच्याच वाट्याला येतात. अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी १९४५ मध्ये दाखवून दिलं की जो शब्द जास्त वापरात, त्याचे अर्थही साधारणपणे जास्त. प्रकाशसंश्लेषणाला एकच अर्थ असतो, कारण त्या शब्दाला वर्गाबाहेर कोणी फारसं नेत नाही. नवं यंत्र, नवा खेळ, नवा धंदा आला की माणूस जवळचा, जिभेवरचा शब्द उचलतो आणि त्याला नवीन कामाला लावतो.

मराठीत हे काम ‘लागणे’ करतं. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, आंबा गोड लागतो. एसटी स्टँडवर गाडी लागली की लोक पिशव्या उचलून धावतात, आणि घाटात गाडी लागली की पोराला खिडकीशी बसवतात. वाक्य तेच, पण कोणी गोंधळत नाही. शेजारच्या शब्दांवरून आणि जागेवरून ऐकणारा अर्थ लावतो. इंग्रजीतल्या ‘रन’चाही अर्थ असाच लागतो: कर्त्याच्या जागी नाक आहे की नेता, आणि मागे ‘आउट’ आलंय की ‘ओव्हर’, एवढं पाहिलं की काम भागतं. फलंदाज ‘रन आउट’ झाला तर तो धावबाद, आणि दूध ‘रन आउट’ झालं तर ते संपलं.

मराठीने हे दोन्ही शब्द घेतले, पण अर्थांचं अख्खं गाठोडं घेतलं नाही. ‘रन’ मुख्यतः क्रिकेटपुरता राहिला आणि पुढे संगणकाबरोबर थोडा वाढला. ‘सेट’ने मात्र इथे चांगलं बस्तान बसवलं. चित्रीकरणाचा सेट, दागिन्यांचा सेट, पार्लरमधले सेट केलेले केस हे अर्थ इंग्रजीतून आले. ‘सेटिंग लावणे’ म्हणजे आतून आधीच ठरवून ठेवणे, ही इथल्या बोलीने घातलेली भर. प्राध्यापक होऊ पाहणारे विद्यार्थी ज्या ‘सेट’चा अभ्यास करतात, तिचा मात्र या शब्दाशी संबंध नाही. स्टेट एलिजिबिलिटी टेस्टची ती आद्याक्षरं, आणि ऑक्सफर्डच्या ४३० अर्थांपैकी एकाही गड्डीत ती बसत नाही.